एका रस्त्यावर दारूची दुकानं किती?

माळावरची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

आमच्या एसटी थांब्यापासून मुलीच्या शाळेपर्यंत माझी ९०० पावलं होतात. काल मुद्दाम मोजली. या ९०० पावलांत एक देशीचं दुकान, एक वाइन शॉप, दोन बियर शॉपी आणि तीन परमिट रूम आहेत. किराणा दुकानं चार, औषधाचं एक. आणि आता शाळेच्या अलीकडच्या वळणावर, नव्या सोसायटीच्या तळमजल्यावर, आणखी एका बियर शॉपीचं फर्निचर चालू झालंय.

देशीचं दुकान सकाळी आठला उघडतं. मुलीला सोडून परत येते तेव्हा पाच-सहा जण शटर वर जायची वाट बघत उभे असतात. त्यांत एक गवंडी दादा आहेत. आमच्या कंपाउंडची भिंत त्यांनीच बांधली, अजून कुठे चीर नाही. परवा त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तरी निम्मी शर्टावर सांडली. पहिला ग्लास पोटात गेल्यावर हात स्थिर झाले. मग थापी घेऊन कामावर गेले.

दारू चांगली की वाईट हा धागा नाही. माझे यजमानही कधीमधी घेतात. प्रश्न एवढाच की एका वस्तीत दारू विकणारे किती असावेत याला काही हिशोब असतो का? लोकसंख्येवर, अंतरावर, कशावर तरी? की गाळा मिळाला आणि फी भरली की झालं? आणि दुकानं कमी केली तर पिणं खरंच कमी होतं का? शेजारचे काका म्हणतात, ज्याला प्यायची तो पाताळातून आणून पिईल.

रानवारा
शेजारच्या काकांशी सहमत. दुकानं कमी करा, लोक हातभट्टीकडे वळतील. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला काय झालं विसरलात का? शंभरावर माणसं गेली. मेले ते सगळे हातावर पोट असलेले. निदान दुकानातली बाटली सीलबंद असते. सरकारने दुकानं मोजण्यापेक्षा भट्ट्या मोजाव्यात.

पारिजात७
+१ रानवारा. चोरून पिण्यापेक्षा उघड प्यायलेली बरी.

सुगरण_अक्का
माळावरची, शाळेच्या अलीकडे परवानगी मिळतेच कशी? शाळा-देवळापासून अंतराचा नियम आहे ना?

जुना_दप्तरी
मी राज्य उत्पादन शुल्क खात्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयात सगळे 'दारूचं दुकान' असं एकाच शब्दात बोलतात आणि तिथेच गफलत होते.

ताईंनी मोजलेल्या सात जागा चार वेगवेगळ्या लायसनच्या आहेत. देशीचं दुकान म्हणजे सीएल-३. वाइन शॉप म्हणजे एफएल-२, सीलबंद बाटली घेऊन जायची. परमिट रूम म्हणजे एफएल-३, बसून प्यायची. आणि बियर शॉपीचं लायसन वेगळंच.

आता गंमत बघा. वाइन शॉपची नवी लायसनं महाराष्ट्रात सत्तरच्या दशकापासून दिलेली नाहीत. जी आहेत तीच हस्तांतर होत, या वस्तीतून त्या वस्तीत हलत चालू आहेत. त्याला आम्ही 'स्थलांतर' म्हणायचो. म्हणून त्या एका कागदाची किंमत आज कोटींत जाते. मंत्री सभागृहात 'आम्ही नवीन दुकानं दिली नाहीत' म्हणतात तेव्हा ते वाइन शॉपपुरतं खरं असतं. पण परमिट रूम आणि बियर शॉपी यांना तशी कुलुपं नव्हती. समोरचं दार बंद, बाजूची दोन उघडी. आणि स्थलांतरात राज्याचा आकडा तोच राहिला तरी एखाद्या वाढत्या उपनगरात तीन-तीन लायसनं येऊन बसतात.

सुगरण अक्का, अंतराचा नियम आहे, पण तो एका दुकानाचं शाळेपासूनचं अंतर बघतो. याच रस्त्यावर आधीच किती आहेत, हे अर्ज बघताना कुणी विचारत नाही. जागा नियमात बसते ना, कागद पूर्ण आहेत ना, एवढंच. मी स्वतः अशा फायली पुढे सरकवल्या आहेत. सातवी फाइल हातात असताना आधीच्या सहा डोळ्यांसमोर नसतात. ताईंच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर हेच: वस्तीचा हिशोब असा कुणाच्याच टेबलावर नसतो.

पारिजात७
काका, तुमचा प्रतिसाद आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर चालेल ना? माझं +१ मागे घेत नाही, पण हे माहीत नव्हतं.

हेलसिंकीचा_हेमंत
दुकानं कमी-जास्त केल्याने फरक पडतो का, याचं एक उत्तर मी राहतो त्या देशात आहे. फिनलंडमध्ये १९६८ सालापर्यंत मध्यम कडक बियरसुद्धा घरी न्यायची तर फक्त सरकारी 'अल्को'च्या दुकानात मिळायची, आणि ती दुकानं बहुतेक करून शहरांतच होती. १९६९ ला कायदा बदलला आणि मध्यम कडक बियर किराणा दुकानांत आणि साध्या कॅफेंत आली. एका वर्षात दारूचा खप ४६ टक्क्यांनी वाढला. लोक तेच, हवा तीच. बदललं ते हाताचं अंतर.

विचार असा होता की बियर सहज मिळाली तर लोक कडक दारू सोडून तिच्याकडे येतील. झालं उलटं. कडक दारू होतीच, वर बियर चढली.

आजही इथे वाइन आणि व्होडका घ्यायची तर अल्कोतच जावं लागतं आणि ते रविवारी बंद. आईबाबा आले होते तेव्हा बाबांना याचं फार नवल वाटलं. हळूहळू सैल होतंय म्हणा. २०१८ ला साडेपाच टक्क्यांपर्यंतची आणि २०२४ ला आंबवून केलेली आठ टक्क्यांपर्यंतची पेयं किराणा दुकानात आली. प्रत्येक वेळी इथल्या डॉक्टर मंडळींनी १९६९ ची आठवण करून दिली.

रानवारा
फिनलंड थंड, श्रीमंत, पन्नास-पंचावन्न लाखांचा देश. आपलं गणित वेगळं. जवळचं गोवा घ्या. पावलापावलावर बार. रस्त्यावर लोळणारे लोक तिकडे जास्त दिसतात की आपल्याकडे? सवय झाली की माणूस बेतानं पितो.

मांडवीकाठ
रानवारादादा, मी फोंड्याची. रस्त्यावर लोळलेला दिसत नाही, कारण तो घरात असतो.

आमचे काजू, आमची फेणी, सगळ्याचा अभिमान आहे. आजोबांची भाटी होती, उन्हाळ्यात बोंडं मळताना आम्ही पोरं तिथेच असायचो. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातले जवळजवळ ३७ टक्के पुरुष दारू पितात असं आलं, महाराष्ट्रात सुमारे १४ टक्के. सगळं दुकानांमुळे असं म्हणणार नाही, आमच्याकडे खाणंपिणं, सण, धर्म, सगळंच निराळं. पण 'भरपूर दुकानं असली की माणूस बेतानं पितो' हे गोव्याकडे बोट दाखवून कुणी सांगू नये. आमच्या वाड्यावर चाळिशीच्या आत लिव्हर जाऊन तीन जण गेले. तिघंही शांत होते. कधी भांडले नाहीत.

रानवारा
मांडवीकाठ, तुमचं वाचून वाईट वाटलं. आकडे माहीत नव्हते, मान्य. हातभट्टीचा मुद्दा मात्र अजून तसाच आहे.

इरईकाठची
त्या मुद्द्यावर मी बोलते, कारण मी चंद्रपूरची हाय. आमच्याइतकं दोन्ही बाजूनं कोणी पाहिलं नसन.

२०१० च्या डिसेंबरात दारूबंदीसाठी लढणाऱ्या पारोमिता गोस्वामींसोबत बाया चिमूरहून नागपूरला अधिवेशनावर पायी चालत गेल्या. माझी मोठी बहीण त्यात होती, पायाला फोड आले तर चपला हातात घेऊन चालली. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी लागली. त्या पहिल्या महिन्यांत आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळी बाया अंगणात बसाले लागल्या होत्या. अंधार पडल्यावर दार लावून घ्यायची सवय होती ना आमची, ती सुटली होती. हे मी डोळ्यांनं पाहिलं, कोणी खोटं म्हणू नये.

मंग हळूहळू माल याले लागला. दुधाच्या कॅनमधून, अँब्युलन्समधूनसुद्धा. चौपट भावानं. पोरं पोहोचवाचं काम कराले लागली. २०२१ च्या मे महिन्यात सरकारनं बंदी उठवली आणि जुनी लायसनं परत चालू झाली. एका दिवसात सगळं आधीसारखं. मधलं काहीच नाही! सहा वर्ष शून्य, आणि मंग पहिले होती तितकीच सगळी. कोणी असं नाही म्हटलं का बापा, उघडाचीच तर अर्धी उघडू, वस्ती पाहून उघडू. बाजूच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी हाय, तिथं डॉ. बंग दांपत्यानं गावोगावी लोकांले सोबत घेऊन काम केलं, २०१६ पासून दारू-तंबाखू सोडवाचं 'मुक्तिपथ' अभियान चालवलं. गाव स्वतः राखण करते तिथं टिकते. आमच्याकडं राखण पोलिसांवर सोडली.

म्हणून रानवाराभाऊ, तुमची हातभट्टीची भीती बंदीले लागू हाय. सातची चार करन्यात कोणी भट्टीकडं जात नाही, दोन चौक पुढं जाते.

सुगरण_अक्का
"अंधार पडल्यावर दार लावून घ्यायची सवय सुटली होती." हे वाक्य डोक्यातून जाईना.

ओसरी
आमच्या गावाने आडवी बाटली केली होती, ती हरलो. कशी हरलो ते सांगते, माळावरचीला उपयोग होईल.

नियम असा की गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज द्यायचा. मग अधिकारी सह्या पडताळतात. मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. पण झालेल्या मतांतली जास्त मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त आडवी लागतात.

आमच्याकडे त्या दिवशी रांग लागली होती. एक आजी पाटीवर बसून आल्या, नातवांनी उचलून आणलं. आडवीला उभीच्या सातपट मतं पडली. आणि आम्ही हरलो, कारण यादीत लग्न होऊन पुण्या-मुंबईला गेलेल्या मुली होत्या, दोन गावांत नाव असलेल्या सुना होत्या, वारलेल्या बाया होत्या. माझ्या सासूबाईंचं नाव होतं, त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. जी आली नाही ती प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली गेली. दुकानदाराला काही करावंच लागलं नाही, नुसतं बसून राहायचं होतं.

आमदार निवडताना यादीतल्या निम्म्यांची अट असती तर किती आमदार निवडून आले असते? तेव्हा ताई, आधी यादी साफ करून घ्या. सह्या त्यानंतर.

जुना_दप्तरी
ओसरीताईंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. यादी जुनी असली की मतदान सुरू व्हायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

आणखी एक. ही सगळी व्यवस्था दुकान उघडल्यानंतर ते बंद करण्यासाठी आहे, तेही बायकांच्या चपला झिजवून. उघडण्याआधी विचारण्याची पद्धत जवळपास नव्हतीच. मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी विधानसभेत जाहीर केलं की गृहनिर्माण सोसायटीच्या जागेत नवं बियर किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल. ताई, तुमचा गाळा सोसायटीचा आहे असं लिहिलंय. तिथून सुरुवात करा.

गल्ला
मी वाइन शॉपवाल्याचा मुलगा, सध्या दुकान मीच बघतो. शिव्या पडतील, तरी लिहितो.

माझ्याकडे नऊ माणसं कामाला आहेत. लायसन फी, ड्यूटी, सगळं वेळेवर. एकवीसच्या आतल्याला बियर नाही, पंचविशीच्या आतल्याला कडक नाही, हे मी पाळतो. यासाठी भांडणंही झाली आहेत. संख्येवर मर्यादा असावी, याला माझा पाठिंबाच आहे. काका म्हणाले ते खरं, नवी लायसनं बंद म्हणूनच आमच्या कागदाला किंमत आहे. मर्यादा घातली की आत असलेल्याचा फायदा होतो, हे लोकांनी समजून घ्यावं आणि तो फायदा आमच्याकडून जास्त फी घेऊन वसूल करावा.

दुसरं, अनुभवाचं. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालाने १ एप्रिल २०१७ पासून हायवेच्या ५०० मीटरमधली दुकानं बंद झाली, छोट्या गावांना २२० मीटर. आमचं त्यात गेलं. जुलैत न्यायालयाने शहरांच्या हद्दीतल्या दुकानांना मोकळीक दिली, मग पुन्हा उघडलं. त्या मधल्या महिन्यांत मी वडिलांबरोबर घरी बसून होतो. नेहमीची खंबा घेणारी गिऱ्हाइकं गावात आतल्या दुकानात गेली, तिथे रांगा लागल्या. पण ड्रायव्हर लोक, जे गाडी कडेला घेऊन चपटी घ्यायचे आणि तसेच पुढे जायचे, ते आत गेले नाहीत. ट्रक आत वळवायचा कोण? पुन्हा उघडल्यावर त्यांतल्या एकाने मला स्वतः सांगितलं, "तीन महिने बरे होतो रे." त्या दिवसापासून हायवेच्या तोंडावरचं काउंटर आम्ही बंद केलं. वडील अजून नाराज आहेत.

पारिजात७
गल्ला, शिव्या नाही, आभार.

सुगरण_अक्का
अवांतर: २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय झाला होता, अण्णा हजारे उपोषणाला बसणार होते. तो अमलात आलाच नाही ना? शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल असं म्हणत होते. माझं माहेर निफाडचं, द्राक्षाच्या भावाचं दुखणं मला ठाऊक आहे. पण पोरं बिस्किटं घ्यायला जातात तिथे बाटली नको.

जुना_दप्तरी
नाही आला. आणि हेमंतरावांचं १९६९ वाचल्यावर बरंच झालं असं म्हणेन.

कायदेकानू
सरकार संख्या मोजायला नाखूश का, याचं कारण तिजोरी. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात मादक पेयांना आळा घालणं हे राज्याचं कर्तव्य सांगितलंय, आणि आपला कायदा अजूनही १९४९ चा दारूबंदी कायदाच आहे. त्याच कायद्याखाली लायसनं वाटून महसूल गोळा होतो. तमिळनाडूत २००३ पासून किरकोळ विक्री सरकारच्याच 'टास्मॅक'कडे आहे. तरी तिथे २०१६ मध्ये जयललितांनी पुन्हा निवडून येताच ५०० दुकानं बंद केली, २०१७ मध्ये आणखी ५०० झाली. म्हणजे मनात आलं तर होतं.

मला जास्त पटते ती स्कॉटलंडची पद्धत. त्यांच्या २००५ च्या लायसन कायद्यात सार्वजनिक आरोग्याचं रक्षण हे लायसन देण्याच्या उद्दिष्टांतलं एक आहे. स्थानिक मंडळाला आपल्या भागात दुकानं गरजेपेक्षा जास्त झाली आहेत का, हे तपासून जाहीर करावं लागतं. जास्त आहेत असं ठरलं की नवा अर्ज त्या कारणावर नाकारता येतो. शेजारच्या इंग्लंडच्या कायद्यात आरोग्य हे उद्दिष्ट नाही, त्यामुळे तिथे डॉक्टरांनी कितीही सांगितलं तरी ते एकटं कारण पुरत नाही. आपल्याकडे एवढी एक ओळ कायद्यात आली तर दप्तरी काकांच्या टेबलावर सातव्या फाइलबरोबर आधीच्या सहा ठेवाव्या लागतील.

आजचा_दिवस
मी दारुडा आहे. सात वर्षं प्यायलेलो नाही.

पाताळातून आणून पिणारा तो माणूस मीच. ड्राय डेला वीस किलोमीटर स्कूटर मारलेली आहे. तेव्हा पिणाऱ्याला दुकान लांब असून फरक पडत नाही, हे माझ्यापुरतं खरं होतं. सोडताना मात्र पडतो, आणि त्याबद्दल इथे कुणी लिहिलं नाही.

व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आल्यावर बायकोने मला घरी यायचा रस्ता बदलून दिला. स्टॉपवरून सरळ आलं की चार मिनिटं, पण वाटेत पाच दुकानं. मागून ओढ्याच्या पुलावरून, पिठाच्या गिरणीवरून आलं की अकरा मिनिटं, वाटेत एकही नाही. तलफ येते ती दहा-पंधरा मिनिटांची असते, तेवढी टळली की टळते. माझी अकरा मिनिटं त्या रस्त्यावर जायची.

दीड वर्षाने गिरणीला लागून बियर शॉपी उघडली. पहिल्या संध्याकाळी मी तिथे थांबलो. काचेच्या फ्रिजमध्ये निळा दिवा होता, बाटल्यांवर घाम सुटलेला. खिशात तीनशे रुपये. किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही. गिरणीवाल्याने बघितलं. काही बोलला नाही. आतून दळणाचा गरम डबा आणून माझ्या दोन्ही हातांत दिला, म्हणाला, "तुमच्या चाळीतल्या जोशी काकूंचा, जरा पोचवा." हात गुंतले. पोचवायला गेलो, मग घरीच गेलो. पुढे महिनाभर तो रोज कुणाचा ना कुणाचा डबा द्यायचा.

सगळ्या रस्त्यांवर गिरणीवाला नसतो. माझ्याबरोबर केंद्रातून बाहेर पडलेल्यांपैकी दोघं आज नाहीत.

माळावरची ताई, ते गवंडी दादा कधी थांबायचं म्हणाले तर अचानक, एकट्याने थांबू देऊ नका. हात इतके थरथरतात म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागेल, नाहीतर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' गटाच्या, मीटिंगला न्यायचं असेल तर मी येईन. मला निरोप करा.

इरईकाठची
दादा, नमस्कार तुमाले. आणि वहिनीले.

माळावरची
आठवडाभराने लिहितेय, माफ करा. तुमचं सगळं वाचून मी गप्प बसू शकले नाही.

त्या नव्या सोसायटीच्या सचिवांना भेटले. ना-हरकत पत्र लागतं हे त्यांना माहीतच नव्हतं. बिल्डरने 'सगळं झालंय' म्हणून सांगितलं होतं. त्यांनी रविवारी पाच वाजता सभा लावली आहे. हेलसिंकी आणि चंद्रपूर दोन्ही वाचून दाखवणार आहे. ओसरीताई, आमच्या वॉर्डाची यादी मिळवली, पहिल्या दोन पानांतच अकरा नावं अशी सापडली जी इथे राहत नाहीत.

दप्तरी काका, अर्जात नेमकं काय मागू?

जुना_दप्तरी
जिल्हाधिकारी आणि अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क, दोघांच्या नावे द्या. 'दारूची दुकानं किती' असं विचारू नका, कुणीतरी एकाच प्रकारचा आकडा देईल. सीएल-३, एफएल-२, एफएल-३, बियर, प्रत्येकाची संख्या वॉर्डनिहाय वेगळी मागा, आणि त्यांतली स्थलांतराने आलेली किती, तेही. पोच घ्यायला विसरू नका. आणि ९०० पावलांचा नकाशा हाताने काढून सोबत जोडा. माझ्या टेबलावर असा नकाशा कधी आला असता तर मी तो वाचला असता.

रानवारा
नकाशात हातभट्टीची जागाही दाखवा. आमच्याकडे ओढ्यापलीकडे दोन आहेत, मी माझ्या वॉर्डाचा नकाशा काढायला घेतलाय.

माळावरची
दाखवते. आमच्याकडे एक आहे, स्मशानाच्या मागे. आणि आजचा_दिवस दादा, निरोप केलाय. गवंडी दादांची बायको तुमच्याशी बोलायचं म्हणतेय.